चीनमधल्या विहीणबाई

माझ्या मुलीचं चीनमध्ये लग्न झालेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण इथे अमेरिकेत, ट्रॉयमधल्या निम्म्या मराठी घरांत आहेर आत्ता द्यायचा की रिसेप्शनला, यावर अजून चर्चा चालू आहे. ती चर्चा मीच सुरू करून दिली आहे, त्यामुळे कोणाला दोषही देता येत नाही.

तन्वी आमची एकुलती एक. जन्म मिशिगनचा, शाळा-कॉलेज मिशिगनचं, आणि मराठी आमच्या फ्रीजमधल्या कोथिंबिरीसारखं, म्हणजे थोडं कोमेजलेलं, पण आहे. कॉलेज संपल्यावर तिने जाहीर केलं की दोन वर्षं नानजिंगला राहून चिनी भाषा शिकणार. आम्ही पुण्याहून धडपडत अमेरिकेला आलो आणि ही पोरगी अमेरिकेतून उठून चीनला! पण मी मॉडर्न आई आहे (निदान महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तरी मी तसंच सांगते), त्यामुळे मी अडवलं नाही. एअरपोर्टवर फक्त इतकंच म्हणाले की परत येताना एकटीच ये. हेमंतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं की हा काय निरोप देण्याचा प्रकार. मी त्याला बॅगा मोजायला लावल्या.

आमच्याकडे सकाळचे सात म्हणजे तिच्याकडे रात्रीचे आठ. मी डबे भरत असायचे, हेमंत बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडत असायचा, आणि तन्वी फोनवरून तिकडच्या गमती सांगायची. खोलीत धड हीटिंग नाही, त्यामुळे वर्गात सगळे कोट घालूनच बसतात. फोन पुढे केल्याशिवाय साधं केळंसुद्धा विकत मिळत नाही. डिक्टेशनमध्ये शंभरात बावन्न पडले आणि शेजारच्या कझाक मुलीला पंच्याण्णव. मी सगळं कौतुकाने ऐकायचे. आणि मग एके दिवशी तिच्या बोलण्यात 'आयी' आली.

"आयी म्हणते थंड पाणी नाही प्यायचं."

मी डब्याचं झाकण लावता लावता थांबले. पुढच्या आठवड्यात आयीने तिला ओल्या केसांनी बाहेर जाताना पाहिलं आणि परत पाठवलं, आणि ही निमूटपणे केस वाळवून आली. ओल्या केसांबद्दल मी वीस वर्षं घसा कोरडा केला होता! त्याच्या पुढच्या आठवड्यात आयीने तिचा राइस कुकर काढून घेतला. का, तर आयीला आवडत नाही. अकरा वाजता आयी दार लावून घेते, त्याच्या आत घरी यावंच लागतं. प्रत्येक वाक्यात आयी, आणि तेही इतक्या मायेने की मी एकाच डब्यात दोनदा भाजी भरली.

आता इथे एक सांगायला हवं. तन्वी मला 'मॉम' म्हणते. तिच्या वयाच्या चौथ्या वर्षापासून मी मॉम आहे, हेमंत मात्र बाबाच. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मंडळात बाकीच्यांची मुलं 'आई, भूक लागली' म्हणत आली की मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. आणि इतकी वर्षं मला न मिळालेला तो शब्द ही पोरगी चीनमधल्या कोणा बाईला सकाळ-संध्याकाळ वाहत होती. आपल्याकडे मुलगी परक्या बाईला आई कधी म्हणते? लग्न झाल्यावर. सासूला!

"आयी म्हणजे कोण गं?" एवढं एक वाक्य मी विचारलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण नुकतंच मंडळात एका समुपदेशक बाईंचं भाषण झालं होतं की मोठ्या मुलांना खोदून विचारू नका, ती आपण होऊन सांगतील. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती. तेव्हा मी विचारलं नाही, नुसती वाट पाहिली आणि वजन वाढवलं.

मग एका शनिवारी आमच्या तिघांच्या ग्रुपवर तन्वीचा मेसेज आला. उद्या 'सुन आयी'कडे डंपलिंग खायला चालले आहे, तिचा मुलगा गाडी घेऊन न्यायला येतोय. या ग्रुपवर आम्ही मराठीसुद्धा रोमन अक्षरांतच लिहितो, त्यामुळे त्या एस-यू-एनचं माझ्या डोक्यात एका क्षणात काय झालं ते सांगायला नको. सून! आई! आणि तिचा मुलगा! एका ओळीत अख्खं सासर. मी फोन हेमंतच्या नाकासमोर धरला.

"सन असेल. सूर्य," तो म्हणाला.

"सूर्य कशाला जेवायला बोलावेल?"

"मग विचार ना तिला."

"मी नाही विचारणार. ती आपण होऊन सांगेल."

ती सांगेना, म्हणून मीच सांगितलं. तिला नाही, माझी मैत्रीण वंदना आहे, तिला. अगदी विश्वासात, कोणाला बोलू नकोस असं दोनदा बजावून. मंडळाच्या पुढच्या पॉटलक जेवणात हेमंत दही-बुत्ती वाढून घेत होता, तेव्हा तीन जणांनी त्याचं अभिनंदन केलं. एका काकांनी तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला की काळजी करू नकोस, भात खाणारी माणसं आहेत, जमेल. घरी येताना हेमंतने गाडीतला रेडिओ मोठा करून ठेवला. मी मात्र त्या काकांच्या बोलण्याने सावरले. ठरवलं की रडत बसायचं नाही, मोठ्या मनाने पुढाकार घ्यायचा. आणि मी पुढाकार घेते तेव्हा काय होतं, हे माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे माहीत आहे.

हेमंतच्या ऑफिसातला डेव्ह कुठल्याशा बॅटरीच्या कारखान्यासाठी नेमका नानजिंगला चालला होता. मी त्याच्याकडे पार्सल दिलं. विहीणबाईंसाठी जांभळी नारायणपेठ, खण आणि सुपारी. नारळ कस्टममध्ये अडकेल म्हणून हेमंतने बॅगेतून काढला. हळदी-कुंकवाच्या पुड्याही काढल्या, कारण त्या लाल-पिवळ्या पावडरी डेव्हच्या बॅगेत सापडल्या तर त्या माणसाने काय सांगायचं, असं तो म्हणाला. तर अशी ती बिननारळाची ओटी, आणि सोबत एक पत्र.

ते पत्र मी तीन दिवस लिहीत होते. मराठीत लिहिलं आणि ॲपमधून चिनी करून घेतलं. आमच्या दुर्दैवाने भाषांतर उत्तम झालं. मी लिहिलं होतं की ताई, माझी लेक तुमच्या पदरात घालते आहे. तिला स्वयंपाक येत नाही, ओला टॉवेल गादीवर टाकते, रागावली की जेवत नाही, पण मनाने चांगली आहे. तुमच्या चिरंजीवांना आम्ही पाहिलेलं नाही, तरी तिने निवडलंय म्हणजे चांगलेच असतील. लग्न तुमच्या पद्धतीने करा, एक छोटंसं आमच्याही पद्धतीने करू. आणि शेवटी, पहाटे डोळे पुसत, एक ओळ जास्तीची लिहिली: 'तिने मला कधी आई म्हटलं नाही. तुम्हाला म्हणते. तुम्ही भाग्यवान आहात.'

पाकिटावर मी तन्वीच्या मेसेजमधून 'सुन आयी' जसंच्या तसं उतरवलं आणि खाली तन्वीच्या होस्टेलचा पत्ता टाकला. डेव्हने होस्टेलच्या दारातल्या टेबलाशी ते दाखवलं, तिथल्या बाईंनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं, आणि पार्सल बिनचूक पोचलं. त्याने फोटोही पाठवला. मी म्हटलं, बघ, विहीणबाई मुलीला भेटायला होस्टेलवर येतात, किती माया! हेमंत फोटोकडे बराच वेळ बघत होता. त्या बाईंच्या गळ्यात एवढा मोठा किल्ल्यांचा जुडगा का आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घर मोठं असेल.

दोन दिवसांनी सकाळी सातला व्हिडिओ कॉल आला. मी तयारच होते. ऑफिसला निघायचं होतं म्हणून पायात स्नो बूट, पण वर घाईने गुंडाळलेली सिल्कची साडी आणि टिकली. स्क्रीनवर तन्वी होती, शेजारी जाडजूड जॅकेट घातलेल्या त्या बाई, मांडीवर माझी नारायणपेठ, आणि मागे एक उंच, चष्मेवाला, देखणा तरुण. मला भरून आलं. मी आधी बाईंना वाकून नमस्कार केला, मग त्या तरुणाकडे बघून इंग्रजीत म्हणाले की आमच्या कुटुंबात तुझं स्वागत आहे.

तो तरुण दोन पावलं मागे सरकला. "मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "मी फॉरेन स्टुडंट्सच्या ऑफिसमधून आलोय."

त्यानंतरची दहा मिनिटं मला आयुष्यातून कापून टाकता आली तर बरं होईल. तन्वीने दात-ओठ खात समजावलं. सुन हे त्या बाईंचं आडनाव. त्या होस्टेलच्या सुपरवायझर. दार लावणं, चोरून आणलेले कुकर जप्त करणं आणि परदेशी पोरींची काळजी घेणं, हे त्यांचं काम. सुट्टीत घरी न गेलेल्या चार मुलींना त्यांनी मायेने जेवायला बोलावलं होतं. आणि गाडी घेऊन आलेला त्यांचा मुलगा विवाहित आहे, त्याला तीन वर्षांची मुलगी आहे.

"आणि मॉम, तुझं लेटर त्याच्या बायकोने वाचलं."

खरीखुरी सून! सुन आयींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी पत्र घरी नेऊन सुनेला मोठ्याने वाचायला दिलं होतं. ती 'तुमच्या चिरंजीवांना' इथपर्यंत वाचत आली, मग तिने पत्र खाली ठेवलं आणि मुलीला घेऊन माहेरी गेली. दोन दिवस नवऱ्याचा फोन घेतला नाही. बिचाऱ्या सुन आयी, ज्यांनी माझ्या मुलीला गरम पाणी पाजलं आणि डंपलिंग खाऊ घातली, त्या दोन दिवस न जेवता मदत मागत त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होत्या. मी साडीत उभी होते आणि मला खूप लाज वाटत होती. मी माफी मागितली, इंग्रजीत, मराठीत, हात जोडून. मी त्यांच्या सुनेशी बोलते म्हणाले, तर तन्वी आणि तो ऑफिसवाला एकदमच नको म्हणाले.

मग तन्वीचा आवाज खाली आला. सगळ्या पत्राचं इंग्रजी त्या ऑफिसवाल्याने तिला वाचून दाखवलं होतं. शेवटच्या ओळीसकट.

"मॉम, तूच सांगितलंस मला मॉम म्हणायला," ती म्हणाली. "प्रीस्कूलमध्ये. आय रिमेंबर."

ही गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नव्हती. स्वतःलाही सांगत नव्हते. तन्वीला प्रीस्कूलमध्ये घातलं तेव्हा ती पहिले तीन दिवस 'आई, आई' करून रडली. टीचरना ते इंग्रजी 'आय' ऐकू आलं, वाटलं पोरीचा डोळा दुखतोय. त्यांनी डोळ्यांत ड्रॉप्स घालायची परवानगी मागायला मला मीटिंगमधून बोलावलं. सगळ्या गोऱ्या आयांसमोर मला इतकं ओशाळं झालं की परतताना गाडीत मी तिला बजावलं, आजपासून मला मॉम म्हणायचं, सगळ्यांसारखं. लेक माझी आज्ञाधारक निघाली. ओल्या केसांचं ऐकलं नाही, पण हे ऐकलं.

मी साडीचा पदर डोळ्यांना लावला. सुन आयींनी काय झालं म्हणून विचारलं असावं. ऑफिसवाल्याने त्यांना सांगितलं, मग त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. मला वाटलं, आता मला सुनावणार. पण त्यांचं म्हणणं इतकंच होतं की टॉवेलचं मी लिहिलं ते अगदी खरं आहे, आणि आता त्या रोज खोलीत येऊन बघतील. साडी मात्र त्या परत देणार नव्हत्या, ती सुनेला समजूत म्हणून द्यायची होती. तशी त्यांनी दिली आणि सून परत आली, हे मला नंतर हेमंतकडून कळलं. कारण तन्वी त्या दिवसापासून फक्त बाबालाच फोन करत होती.

दहा दिवस गेले. मंडळात मी सगळ्यांना लग्न नसल्याचं सांगत फिरले. निम्म्यांनी ते मोडल्याचं समजून माझे हात हातात घेतले, बाकीच्यांना ते पटलंच नाही. अकराव्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत असताना माझा फोन वाजला. स्क्रीनवर तन्वी, केस कोरडे.

"हॅलो, मावशी," ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं.

"चायनीजमध्ये आयी म्हणजे मावशी, मॉम. तू तिला आई बनवलंस ना? मग आता तू मावशी. फेअर आहे, यार."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं की राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण फोन मला केला होता. मी पोळी करपू दिली आणि म्हटलं, बोल बाळा. मग ती डिक्टेशनबद्दल बोलली, एकसष्ट मार्कांबद्दल बोलली, आणि खोलीत रोज होणाऱ्या टॉवेलच्या तपासणीबद्दल जरा जास्तच वेळ बोलली. मी सगळं ऐकून घेतलं.

हेमंत जिन्यावरून उतरत विचारत होता की सकाळी सकाळी कोणाचा फोन आहे.

"भाचीचा," मी म्हणाले.