कागदात आजारपण नव्हतं

मी डॉक्टर नाही, लेखकही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरी लिहायचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. वडिलांविषयी असं लिहू नये हेही मला कळतं. पण माझ्या बहिणीसारखी मुलं आणखीही घरांत असतील, म्हणून लिहितो.

शकू नऊ वर्षांची. पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची छाती बराच वेळ तपासली आणि म्हणाले, "रुमॅटिक हार्ट डिसीज." मग आईचा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. आधी घसा दुखतो, ताप येतो. मग सांधे सुजतात आणि आजार हृदयाच्या झडपेला धरतो. झडप म्हणजे रक्त एकाच दिशेनं जाऊ देणारं दार. शकूचं दार नीट मिटत नव्हतं.

महिनाभर आधी तिचा गुडघा सुजला होता. तो उतरला, तर घोटा सुजला. खेळताना पडली असेल म्हणून आम्ही हळदीचा लेप लावत बसलो. ती चूक आमची.

पंधरा दिवस ती दवाखान्यात होती. रक्त तपासलं, छातीचा फोटो झाला, ईसीजी म्हणजे ठोक्यांचा आलेख झाला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. मोठी होईपर्यंत. एकही चुकवायचं नाही. पुन्हा हा ताप आला, तर झडप आणखी खराब होईल."

हे इंजेक्शन कामगार विम्याच्या दवाखान्यात फुकट मिळतं. माझे वडील, आप्पा, कंपनीत कायम कामगार आहेत. आई ठेकेदाराच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते, तिला विमा नाही. आम्ही आप्पांच्या कार्डाचा नंबर घेऊन गेलो, तर तिथे शकूचं नावच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आई-आप्पांनी काडीमोड घेतला. कुरुळीला, आमच्या गावी, पंच बसले, स्टँप पेपर झाला. मुलांचं अन्न, कपडालत्ता, शाळा यांचा खर्च निम्मा-निम्मा. पाच शहाणी माणसं बसली होती, पण मूल आजारी पडतं हे एकालाही सुचलं नाही. पुढे आप्पांनी दुसरं लग्न केलं आणि विम्याचा कुटुंबाचा फॉर्म नव्यानं भरला. त्यात नवी बायको आणि नवं बाळ. आम्ही दोघं गळलो.

क्लार्क भला माणूस होता. म्हणाला, "वडील आणि मुलगी दोघं समोर या. सही झाली की नाव चढवतो."

आप्पा आले नाहीत. पहिली तीन इंजेक्शनं आईनं कॅम्पातल्या दुकानातून विकत आणली. पिंपरीच्या दवाखान्यात दर वेळी औषध सोसतं का ते आधी हातावर थोडं टोचून बघतात, अर्धा तास बसवतात, मग खरं इंजेक्शन. रांग धरून आईचा अख्खा दिवस जायचा. चौथ्याच्या आधी ठेकेदारानं सांगितलं, आणखी एक खाडा झाला तर येऊ नकोस. आणि चौथ्या इंजेक्शनच्याच दिवशी माझा वार्षिक परीक्षेचा पेपर होता.

मी कंपनीच्या गेटवर गेलो. पहिली पाळी सुटत होती. आप्पा सायकल घेऊन बाहेर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "निम्मं देतोय ना मी? कागदात आजारपन न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी वर तोंड करून बोललो. "पैसे नकोत मला. रांगेत बसा. एक खेप आईची, एक तुमची. हे निम्मं."

"त्या दिवशी माझी पहिली पाळी हाय."

त्यांच्यामागे तांबेकाका उभे होते, त्यांच्याच खात्यातले. ते म्हणाले, "राव, लग्नाच्या टायमाला माझ्याकडून तीन पाळ्या बदलून घेतल्यास. पोरीसाठी एक माग की. घरच्यांसाठीच मागायची लाज हाय व्हय?"

दोघंतिघं हसले. आप्पा सायकलवर बसून निघून गेले.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. कागद करताना आजारपण लिहा. पैसे कोण देणार एवढंच लिहू नका, बाकावर मूल मांडीवर घेऊन कोण बसणार तेही लिहा. माझ्या आईचा दिवस कुणी खर्चात धरलाच नाही, कारण तो तिनं आजवर फुकट दिला होता.

पेपरच्या सकाळी आई कामावर गेली. शकूला वेणी घालून शेजारच्या काकूंकडे बसवलं. पेपर सुटला की मीच धावत नेणार होतो, पण तोवर दवाखाना बंद व्हायची भीती होती. मी तीन प्रश्न सोडवले आणि उठलो.

चाळीत शिरलो, तर शकू उंबऱ्यावर एका कुशीला कलून बसली होती. मुठीत इंजेक्शननंतरचा कापूस.

"आप्पा आले होते," ती म्हणाली. "सायकलवरून नेलं. तांबेकाकांशी पाळी बदलली म्हणे."

तांबेकाकांचे उपकार मी विसरणार नाही. माझा राग मात्र गेलेला नाही. एक खेप झाली आहे, पुष्कळ बाकी आहेत.

"नाव चढलं का?" मी विचारलं.

"चढलं. साहेबांनी आप्पांना माझं वय विचारलं. ते म्हणाले, सात असंल. मग मी सांगितलं, नऊ."