मॅनिटॉलवाले सर आणि मिठाच्या पाण्यावाल्या मॅडम

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. घरी येऊन चप्पल काढली, की एखादा निघतोच तोंडातून. माझा नवरा तर हात जोडतो, "आधी चहा घे बाई, मग पेशंट सांग!"

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाल्यानंतरची गोष्ट आहे. भंडाऱ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी आयसीयूची सिस्टर होते. हायवे जवळच, त्यामुळे डोक्याला मार लागलेले पेशंट रोजचेच. मेंदूला सूज येते, कवटी काही फुगत नाही, मग आत दाब वाढतो. तो उतरवायला आमच्याकडे औषधं दोन आणि डॉक्टरही दोन! मोठे सर मॅनिटॉलचे भक्त. नव्या मॅडम तीन टक्के मिठाच्या सलाईनवाल्या. दोघांचं एकमत फक्त चहाच्या वेळेवर व्हायचं.

* * *

अड्याळचा दशरथ शहापूरजवळ मोटरसायकलवरून पडला आणि बेशुद्धच आमच्याकडे आला. त्याची बायको सुमित्रा येता-जाता मला एकच विचारायची, "सिस्टर, हे बोलतीन न जी?"

मला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं कोणालाच माहीत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

* * *

सरांनी लगेच मॅनिटॉल मागवलं. थंडीचे दिवस! बाटली उजेडात धरली तर तळाशी साखरेसारखे खडे. थंडीत मॅनिटॉलचं असं होतंच. मी गरम पाण्याचं भगोणं आणून बाटली त्यात बसवली आणि खडे विरघळेपर्यंत हलवत बसले.

मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या औषधालाच आधी शेक द्यावा लागून राहिला!"

सर म्हणाले, "म्हणून काय बेकार झालं? स्वेटर तर तुम्हीपण घातलाय!"

* * *

मॅनिटॉलनं डोक्यातला दाब उतरला, पण लघवीची पिशवी भराभर भरली आणि बीपी खाली आलं. मग मॅडमनी आपली सलाईन लावली. सुमित्रा बावरली. "डोक्यातलं पाणी कमी कराचं हाये न? मंग वरून मिठाचं पाणी काहून देऊन राहिल्या?"

मॅडम समजावून सांगण्यात हुशार. म्हणाल्या, "कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच मीठ सुजेतलं पाणी ओढून घेतं."

सुमित्रानं तोंडावर पदर धरला. "अवो मॅडम, माह्या माणसाच्या डोक्याचं लोणचं घालून राहिल्या काय जी!"

* * *

डोकं उंच ठेवलं तरी दाब कमी होतो. आमच्या खाटेचा हँडल मोडलेला, म्हणून डोक्याकडच्या पायांखाली विटा. दुपारी पाहते तर खाट सपाट आणि दशरथचं मशीन ओरडून राहिलं! त्याच्या म्हाताऱ्या बापानं विटा काढून कोपऱ्यात नीट रचून ठेवल्या होत्या.

"उतारावर होती खाट," बुवा म्हणाले. "पोरगा घसरला असता न!"

मी विटा परत लावल्या. सर त्यांच्यावर ओरडले, मग आवाज उतरवून म्हणाले, "बाबा, धानाच्या बांधीतलं पाणी काढायचं तर उतार लागतो ना?"

"असं सांगा न मंग!" बुवांनी स्टूल ओढला आणि तीन दिवस विटांजवळून हलले नाहीत. झाडूवाल्या बाईलासुद्धा जवळ येऊ देईनात!

* * *

दोन्ही औषधांची तुलना करायची म्हणून सरांनी भिंतीवर एक कागद लावला होता. एका रकान्यात मॅनिटॉल, दुसऱ्यात सलाईन. कोणता पेशंट कशानं सुधारला, ते लिहायचं. दशरथला दोन्ही मिळालेली. त्याला कोणत्या रकान्यात टाकायचं?

मी म्हटलं, "आधी सुधारू तर द्या!"

* * *

आठव्या दिवशी श्वासासाठी घातलेली घशातली नळी काढली. श्वास चांगला, दाब उतरलेला, पण माणूस डोळे उघडेना. सुमित्रानं जेवण सोडलं.

नवव्या दिवशी सकाळचा राऊंड. खाटेच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मॅडम, पायाशी सुमित्रा. मी बीपी घेत होते.

"दाब पहिल्यांदा मॅनिटॉलनं उतरला!" सर म्हणाले.

"आणि बीपी कोणी पाडलं?" मॅडम म्हणाल्या. "टिकवलं ते सलाईननं!"

"मॅडम, मी वीस वर्षं..."

"सर, रिपोर्ट पाहा ना आधी..."

तेवढ्यात खाटेवरून घोगरा आवाज आला. "हळू भांडा न जी... झोपू द्या जरासं."

सर आणि मॅडम दोघंही खाटेवर वाकले. माझ्या हातातला बीपीचा फुगा तसाच राहिला.

सुमित्रा रडत-रडत खाटेचा दांडा धरून ओरडली, "आता झोपाचं नाव घेऊन तर पाहा! नऊ दिवस झोपूनच होते न!"