रोबोच्या जागी कोंडीबा

शहाण्णव साली आमच्या कडेगावच्या शाळेला रोबो मिळाला. कासवाएवढा, चाकांवर चालणारा. बटणं दाबून त्याला हुकमांची यादी द्यायची, की तो पोटातल्या पेनानं फरशीवर चौकोन, त्रिकोण काढायचा. भूमिती आणि प्रोग्रामिंग एकदमच शिकवायचं, अशी योजना. हेडमास्तरांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कपाटात कुलूपबंद केलं. म्हणाले, "बिघडला तर जबाबदार कोण?"

मी गणिताचा मास्तर. चिडलोच. तर म्हणतात, "अहो, कोंडीबा आहे की."

कोंडीबा आमचा शिपाई, अठरा वर्षं हंगामी. कायम व्हायला सातवी पास लागायची आणि हा गणितात चारदा आपटलेला. आता एकच संधी उरली होती. तर त्याच्या पायाच्या अंगठ्याला खडू बांधला आणि त्याला रोबो केला. माणूस मुळातच सांगकाम्या, त्यामुळं शोभलाही. सातवीतली रुक्सार ठसक्यात सांगायची, "पुढं पाच, उजवीकडं साठ," आणि कोंडीबा पाच पावलं चालून साठ अंशांत वळायचा. एकदा ती आकडा न सांगता नुसतंच 'पुढं' म्हणाली आणि 'थांब' म्हणायची विसरली, तर हा फाटकातून थेट उसात. पोरांनी शोधून आणला.

"आवं मास्तर, थांब म्हनलंच न्हाई कुनी," तो म्हणाला.

वर्षभरात त्याच्या पायांना भूमिती पाठ झाली. डोक्याचं मला ठाऊक नव्हतं.

परीक्षा सांगलीत, विश्रामबागला. मी सोबत गेलो होतो, खिडकीबाहेर उभा होतो. प्रश्न आला, षटकोन काढा. कोंडीबानं चप्पल काढली आणि अंगठ्याला खडू बांधला. पर्यवेक्षक धावले.

"कागदावर काढा."

"कागूद ल्हान हाय, सायेब. पाय मावत न्हाई."

बरीच हुज्जत झाल्यावर त्याला व्हरांडा दिला. तिथं तो नुसताच उभा राहिला. दहा मिनिटं गेली. मग मला उमगलं. हुकूम सोडायला कुणीच नव्हतं. मी बोललो असतो तर कॉपी ठरली असती.

शेवटी तो हळू, अदबीनं स्वतःलाच म्हणाला, "कोंडीबाराव, पुढं पाच चला." आणि चालला.

पर्यवेक्षकांनी फरशीवरचा षटकोन टेपनं मोजून गुण दिले. निकाल लागला, कोंडीबा छत्तीस गुण मिळवून पास झाला आणि कायम झाला.

कायम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर ओरडले, "ए कोंड्या, पाणी." तो जागचा हलला नाही. तीनदा ओरडून झालं. शेवटी "कोंडीबाराव, पाणी आणता का?" म्हटल्यावर उठला. आता आम्ही सगळेच त्याला तसं म्हणतो. अठरा वर्षांत मलाही हे सुचलं नाही, याची लाज वाटते.