रिकाम्या कणगीतली पोरगी
ओल्या सारवणाचा वास आला की मला वडवणीजवळच्या आमच्या गल्लीतली एक सकाळ आठवते. दुष्काळामुळं गल्लीतले निम्मे लोक ऊसतोडीला निघाले होते. शाळा बुडू नये म्हणून त्यांची पोरं माझ्याकडं ठेवायची आणि मागं राहिलेल्या प्रत्येक घरानं रोज दोन भाकरी द्यायच्या, असं गल्लीनं ठरवलं होतं. त्यांत सातवीतली एक हुशार पोरगी होती. ट्रक लागला, तशी तिची आई तान्हं बाळ घेऊन माझ्या दारात आली. "आक्का, पोरीला धाडा. मी ऊस तोडताना ह्याला कोण धरंल?" पोरगी माझ्या नुकत्याच सारवलेल्या, धान्याच्या रिकाम्या कणगीत लपली होती आणि वरून पोतं मीच टाकलं होतं. मी म्हणाले, "ती हितं न्हाई. आन् तिच्या शाळेचं काय?" "शाळा लई चांगली हाय वो, पण फडात ह्याला खाली ठेवलं तर पाचटात साप निघत्यात. मग तुमी येता का बाळ धरायला?" बाहेर मुकादमानं हॉर्न वाजवला आणि बाळ दचकून रडायला लागलं. आईनं किती हलवलं तरी ते थांबेना. मग पोतं हललं. पोरगी कणगीतून उतरली आणि हात पुढं करून म्हणाली, "आण इकडं, आये. तुला न्हाई जमायचं." दोघी ट्रककडं गेल्या. मी गल्लीतली लई पोरं सांभाळली, असं लोक म्हणतात. बाळही माझ्याकडं ठेव, असं मी त्या दिवशी म्हणाले नाही. ते अंगावर पीत होतं, हे खरं. पण मला तेव्हा ते सुचलंसुद्धा नव्हतं.