भरितातली आळिंबी

"थुका! बठ्ठा थुका! पाव्हणासले काय खावाडं हो तुम्ही?"

मामी पळी उगारून अशा किंचाळल्या, की शेजारच्या केळीच्या बागेतले बगळे उडाले ते म्हणे थेट तापीपलीकडे जाऊन बसले. चोपड्याच्या शेतात भरीत पार्टी रंगात आली होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडी बडजीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी. मामांच्या एकुलत्या एक लेकीला पसंत करून गेलेली दोंडाईच्याची मंडळी साखरपुड्याची तारीख ठरवायला आली होती, आणि आता घास तोंडात तसाच धरून थिजली होती. कारण पंगत आटोपत आल्यावर मामांनी मिशीवरून हात फिरवत जाहीर केलं होतं, "भरितात वांगं निम्मंच शे. बाकी आळिंबी."

आळिंबी म्हणजे मशरूम, आणि हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. एवढा मशरूमवेडा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही, आणि पुढे झालाच तर त्याला दाव्याने बांधून ठेवावं लागेल. केळी ठेवायच्या खोलीत त्यांनी ओल्या भुशाच्या पिशव्या टांगल्या होत्या आणि आत शिरताना ते चप्पल काढत. पांढरी धिंगरी आळिंबी तोडली, की गच्चीवर बाजेवर उताणी मांडून तिला कोवळं ऊन दाखवायचं. "उन्हात ठेवली की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, जावईबापू!" त्या बाजेवर सावली पडली म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याला गच्चीवरून उतरवलं. कुणाला शुगर निघो, कुणाचं पोट साफ न होवो, मामा पिशवी घेऊन दारात. "प्रथिनं भरपूर, चरबी नावाला, तंतू पोटाला." शेंदुर्णीला एका मयतावर गेलो, तर तिथे रडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून यांनी हळूच विचारलं, "आबा आळिंबी खायचे का?" मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. एकदा औषधी आळिंबीचा काढा मलाही पाजला. टायर उकळला तर त्याला तशी चव येत असावी. पण माणूस प्रामाणिक. "गोळी बंद करू नका बरं, हे गोळीच्या जागी नही," असं बजावायचे. रानातली छत्री कुणी उपटून आणली तर हातावर फटका मारत. "ती खाशील तर उद्या तुझ्याच दहाव्याला मला यावं लागेल!"

म्हणूनच लेकीने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं: पाहुण्यांसमोर आळिंबीचा शब्द काढायचा नाही. मामांनी ते पंगत आटोपेपर्यंत पाळलं.

आणि दोंडाईच्याची आजी माळकरी! तिने गळ्यातली तुळशीची माळ घट्ट धरली. "हाई मास शे का?"

"नही, आजी!" मामा उत्साहाने उठले. "मास नही, आणि खरं सांगू का, भाजी बी नही! शास्त्र सांगतं, ना झाड, ना जनावर!"

मेलो, म्हटलं. झाड नाही, जनावर नाही, मग आपण खाल्लं तरी काय? नवरदेवाच्या बापाचा चेहरा राखेसारखा झाला. लेक बडजीजवळ खाली मान घालून बसली होती. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, तेव्हा मामांचा आवाज पहिल्यांदा बसला. "आजी, पोर हीच खाऊन वाढली. उद्या तुमच्या घरी तिने खाल्ली, तर कुणी नाक मुरडू नये, एवढंच मनात होतं."

आजीने पानातलं भरीत बोटाने उकरून पाहिलं. "उगस कशावर?"

"गव्हाच्या भुशावर."

"भुसा त गाय बी खास. मंग पाप कसाना?" असं म्हणून तिने पानातलं उरलेलं भरीत पुसून खाल्लं. साखरपुडा ठरला.

लेकीच्या लग्नानंतर परवा चोपड्याला गेलो, तर केळीच्या खोलीत केळीच होती. भुशाची एकही पिशवी नाही. मला धक्काच बसला. मामा ओट्यावर चहा पीत बसले होते.

"पोर लहानपणी काडीसारखी होती," ते म्हणाले. "दूध पचायचं नाही, डाळ बघून तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं द्या. तिने खाल्ली ती एवढी एकच वस्तू. आता तिची सासू तिकडे पिशव्या टांगते म्हणे."

"मग तुमच्यापुरती तरी लावा ना, मामा."

मामांनी कप खाली ठेवला.

"माले ती कधी आवडनीच नही."