मुक्या टायगरचा आवाज

सुरुवातीलाच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. चौकात टाकलेली लिंबू-मिरची खुशाल ओलांडून जाणारी बाई मी. सासूबाई होत्या तोवर त्यावरून भरपूर बोलणी खाल्ली, पण सुधारले नाही. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... तरी लिहिते.

आम्ही इंदापूरजवळ वरकुट्यात राहतो. घरामागे गोठा, त्यापलीकडे डाळिंबाची बाग आणि बागेचा राखणदार आमचा कुत्रा, टायगर. माझे सासरे, आबा, दहा-बारा वर्षांपासून ठार बहिरे आहेत. तेव्हाच कानाचं मशीन आणलं होतं, पण "नुसती शिट्टी वाजती" म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलतो.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या रानात शेततळं खोदायला जेसीबी आला. टायगरनं त्याच्याशी वैरच धरलं. आठवडाभर दिवसदिवस भुंकला. आधी आवाज घोगरा झाला, मग फाटला, मग तोंड उघडायचं आणि नुसती हवा यायची. शेजारचे तात्या लांबूनच म्हणाले, "पिसाळलं आसंल. जपून ऱ्हावा."

बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रेबीजच्या लशीचं कार्ड मागितलं. आवाज बदलणं हे पिसाळण्याचंही लक्षण असतं म्हणे. लस वेळेवर दिलेली होती, जिवात जीव आला. मग त्यांनी गळा तपासला.

"भुंकून भुंकून सूज आलीय. औषध देतो, मऊ खायला घाला, भुंकू देऊ नका. आणि गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीचा घ्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर आत गाठ-बिठ नाही ना ते बघू."

इंदापुरात छातीचा पट्टा मिळाला नाही. ऑनलाइन मागवला. तोवर मोकळा सोडावा तर हा जेसीबीच्या अंगावर धावणार. मग मी जुन्याच पट्ट्याला साखळी लावून त्याला गोठ्यामागे बांधला. चार दिवसांचा तर प्रश्न!

तिसऱ्या दुपारी मी ओसरीवर पेपर तपासत होते. आबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेले. एकदम उठून बाहेर आले.

"आगं, टायगर कवाधरनं वरडतोय! तुला ऐकू येत न्हाय व्हय?"

मला हसूच आलं. पाटीवर लिहिलं — त्याचा आवाज गेलाय, आबा. त्यांनी पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. अनवाणीच गोठ्यामागे निघाले. मी मागोमाग.

टायगरनं डाळिंबाच्या क्रेटच्या थप्पीवर चढून पलीकडे उडी मारली होती. साखळी वर अडकलेली, मागचे पंजे जेमतेम जमिनीला टेकत होते. तोंड उघडं, जीभ निळी. जेसीबीही जेवणासाठी थांबलेला. आवाज कसलाच नव्हता.

आबांनी त्याला कवेत उचलून धरलं, मी विळ्यानं पट्टा कापला. त्यानं श्वास घेतला तेव्हा मी तिथंच शेणामातीत बसून रडले.

नंतर मी माझ्या परीनं प्रयोग केले. हादरा जाणवला असेल म्हणून आबा झोपलेले असताना क्रेट आपटून बघितले, साखळी ओढून बघितली. आबा ढाराढूर. शेवटी पाटीवर विचारलं, त्या दिवशी काय ऐकलंत?

"टायगरच की. दुसरं कोण?" म्हणाले, आणि त्यांनी नक्कल करून दाखवली. दोनदा तोकडं भुंकणं, मग एक लांब, शेवटी चिरकलेलं. हुबेहूब टायगर!

टायगर आमच्याकडे येऊन पाचच वर्षं झालीत. आबांनी त्याचा आवाज कधी ऐकलेलाच नाही.

महिन्याभरात टायगरचा आवाज परत आला. आता तो आबांच्या खाटेशेजारी उभा राहून भुंकतो आणि आबांना पत्ता नसतो. त्या दुपारचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कापलेला पट्टा मी खुंटीला लावून ठेवलाय. "आजच काढा" हे मी माझ्या धडधाकट कानांनी ऐकलं होतं.