दाब काढल्यावर

पोशीरच्या स्नेहल रोकडेने आपलं संयुग कधी पाहिलेलं नाही. ते कुणीच पाहिलेलं नाही. कॅल्शियम आणि भरपूर नायट्रोजन यांना पृथ्वीच्या पोटात असतो तसला दाब दिला तर अणू कसे रचले जातील, हे ती संगणकावर शोधते. अशा रचनेत नायट्रोजनच्या साखळ्या होतात. त्या तुटल्या की प्रचंड ऊर्जा सुटते. उपयोग मात्र दाब काढल्यावरही साखळी टिकली तरच.

गेल्या वर्षी उत्तर आलं होतं, टिकते. पीएचडीच्या प्रबंधाचं नाव त्यावरच ठरलं. परदेशातल्या एका संशोधन गटाने त्याच उत्तरावर तिला पुढच्या कामासाठी बोलावलं. आई गंगाबाईंनी ते गावात सांगितलं, आणि नायट्रोजन म्हटल्यावर गावाने जे समजायचं ते समजून घेतलं.

"स्नेहल, तुजा युरिया सोसायटीत कवा येतोय गं?" शेजारच्या धोंडूबाई विचारत.

"मावशी, युरिया नाय तो. त्याचा स्फोट होतो."

"मंग आमच्या भातावर नको मारूस, बाय."

पहिल्या वेळी संस्थेच्या संगणकावर वेळ कमी मिळाला म्हणून तिने स्फटिकाचा लहान तुकडा घेऊन गणित केलं होतं. प्रबंध देण्याआधी मोठा तुकडा घेऊन तेच पुन्हा केलं. दाब शून्यावर आणून अणूंची थरथर मोजतात; रचना टिकणारी असेल तर उणे आकडा येत नाही. सकाळी स्वयंपाकघरात, मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून तिने उत्तर उघडलं. पहिलाच आकडा उणे होता.

गंगाबाई भाकरी थापत होत्या. "काय झालं गं?"

"दाब काढला की मोडतं."

"मंग काडू नको."

स्नेहल हसली नाही. पुढ्यात आलेली भाकरी तिने खाल्ली, ताट धुतलं आणि मार्गदर्शकांना फोन लावला.

"सर, मोठ्या तुकड्यात उणे येतंय."

"पुन्हा तपासलंस?"

"हो. दाबाखाली टिकतं. काढल्यावर नाही."

ते म्हणाले, "मग तेवढंच लिही."

प्रबंधाच्या नावातून तिने 'सामान्य दाबाला टिकणारी' हे शब्द काढले. परदेशातल्या गटालाही कळवलं. त्यांनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. बोलावण्याबद्दल काही लिहिलं नाही.